पहिला रुपया गल्लीचा

हे पुस्तक हातात घेणाऱ्या बहुतेकांना एक यादी हवी असेल. कोण पैसे देतं, किती देतं आणि अर्ज कुठे टाकायचा याची. यादी आहे, पण ती शेवटच्या प्रकरणात आहे, आणि ती तिथेच असावी हा आग्रह माझा होता. प्रस्तावना लिहायला सांगितलं गेलं तेव्हा मी एवढीच अट घातली होती. त्यामागचं कारण सांगण्यातच ही पानं खर्च होणार आहेत.

या व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना मी बसले आहे. आधी एका उपनगरातल्या छोट्या वाचनालयाची खजिनदार होते, म्हणजे खिडकीच्या बाहेर. पुढे काही वर्षं एका देणगीदार संस्थेच्या निवड समितीवर होते, म्हणजे खिडकीच्या आत. बाहेर होते तेव्हा ठाम मत होतं की आतल्या लोकांना वस्ती म्हणजे काय ते कळत नाही. आत बसून अर्जांचे गठ्ठे वाचायला लागले, तेव्हा दिसलं की बाहेरच्यांना स्वतःचीच वस्ती कागदावर मांडता येत नाही. आज विचाराल तर दोन्ही मतं मला तितकीच खरी वाटतात. हे पुस्तक त्या दोन्हींच्या मधल्या जागेत उभं आहे.

सार्वजनिक पैसा सांभाळणं आपल्याकडे नवं नाही. १८९३ साली गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला. त्यानंतरच्या सव्वाशेहून अधिक वर्षांत गल्लोगल्लीच्या उत्सव मंडळांनी हिशोबाची एक शाळाच चालवली. पावती पुस्तकांना क्रमांक घालायचे. कोणतं पुस्तक कोणाकडे दिलं याची नोंद ठेवायची. चुकलेली पावती फाडून टाकायची नाही, 'रद्द' लिहून स्थळप्रतीला जोडायची. विसर्जन झालं की जमाखर्च फलकावर लावायचा. हे सगळं कुणा सल्लागाराने शिकवलं नव्हतं. थोरल्या भावाने धाकट्याला शिकवलं, कारण पुढच्या वर्षी त्याच दारात पुन्हा उभं राहायचं होतं. शंभर रुपयांची पावती घेणाऱ्या काकूंना फुलांवर किती गेले हे विचारायचा हक्क असतो, आणि त्या तो जिन्यात, चार माणसांसमोर बजावतात.

वर्गणीत देणारा शेजारी असतो. मांडव उभा राहिला की नाही, प्रसाद वाटला की नाही, हे त्याला गॅलरीतून दिसतं. अनुदानात देणारा लांब असतो. तो मंत्रालयात असेल, महापालिकेत असेल, नाहीतर एखाद्या कंपनीच्या सातव्या मजल्यावर असेल. त्याला गॅलरी नाही. मग त्या गॅलरीच्या जागी तो कागद मागतो. ठरावाची प्रत, तीन दरपत्रकं, बिलं, हजेरीपट, काम सुरू होण्याआधीचा आणि संपल्यानंतरचा फोटो, विनियोग प्रमाणपत्र. मंडळांना हा सगळा छळ वाटतो, आणि त्यातला काही खरोखर छळच असतो. पण मुळात तो शेजारच्या काकूंचाच प्रश्न आहे, फक्त छापील नमुन्यात: आमच्या पैशाचं काय केलंत?

ज्या मंडळाला काकूंना उत्तर द्यायची सवय आहे त्याला हा नमुना भरणं अवघड जात नाही. अडचण अशी की ती सवय मोडत चालली आहे. मोठ्या शहरांत कित्येक मंडळं आता दारोदार फिरतच नाहीत. स्वागत कमानीवर एका बिल्डरचं नाव आणि फ्लेक्सवर एका पुढाऱ्याचा चेहरा लागला की उत्सवाचा खर्च निघतो. दार वाजवायचं बंद झालं की हिशोब सांगायचंही बंद होतं, कारण विचारणारा एकच उरतो आणि त्याला हिशोब नको असतो, त्याला गर्दी हवी असते. असं मंडळ अभ्यासिकेसाठी किंवा बालवाडीसाठी अर्ज करायला बसतं, तेव्हा त्याच्याकडे कार्यकर्ते असतात, ढोलपथक असतं, पण गेल्या तीन वर्षांची कीर्द नसते.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: अनुदान हा दुसरा रुपया असतो. पहिला गल्लीतून यावा लागतो, मग तो कितीही लहान असो.

ही माझी एकटीची कल्पना नाही. ज्या योजना लोकांच्या हातात टिकल्या त्यांपैकी बऱ्याच योजनांच्या मुळाशी हाच नियम आहे. मुंबईतलं उदाहरण घ्या. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९५ साली सुरू झालेल्या मलनिस्सारण प्रकल्पात झोपडपट्ट्यांमधल्या सामूहिक शौचालयांचाही कार्यक्रम होता. बांधकामाचा मोठा खर्च प्रकल्पाचा. पण बांधकामाआधी रहिवाशांनी मंडळ स्थापन करायचं, ते नोंदवायचं, आणि प्रौढ माणशी १०० रुपये, कुटुंबामागे जास्तीत जास्त ५००, असे बँकेत जमा करायचे. बांधून झाल्यावर पाणी, वीज, झाडलोट आणि दुरुस्ती त्या मंडळाने बघायची. पहिल्या टप्प्यात अशी तीनशेहून अधिक शौचालयं उभी राहिली. माणशी शंभर रुपयांत शौचालय होत नाही हे पहिलीतलं पोरही सांगेल. त्या शंभरांनी रहिवाशाला एक गोष्ट मिळाली: टाकीत पाणी नसेल त्या दिवशी मंडळाच्या सचिवाच्या दारात जाऊन भांडायचा अधिकार. जिथे मंडळ कागदापुरतं उरलं, तिथे शौचालय चार दांडग्यांच्या ताब्यात गेलं आणि भांडणारं कुणी राहिलं नाही.

गावांकडे हाच नियम लोकवर्गणी या नावाने ओळखीचा आहे. २००३ साली सुरू झालेल्या जलस्वराज्य प्रकल्पात नळयोजनेच्या भांडवली खर्चाचा १० टक्के वाटा गावाने उचलायचा होता, आदिवासी गावांनी ५ टक्के. बचत गटांचं तर सगळं गणितच यावर बसवलेलं आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि वह्यांमधल्या नोंदी या पंचसूत्रीवर गटाने काही महिने स्वतःच्या पैशावर चालून दाखवायचं, मग फिरता निधी. महिना पन्नास-शंभर रुपये टाकणाऱ्या दहा-बारा बायकांना हे लगेच पटतं. शिकलेल्या, नोकरदार मंडळींच्या सोसायट्यांना पटवताना माझा घसा कोरडा पडलेला आहे. त्यांचं म्हणणं असतं, आम्ही कर भरतो की! ते भरतात हे खरं आहे. पण कर भरल्याने परिसराची बैठक होत नाही आणि बागेच्या फाटकाला कुलूप लागत नाही.

आता पैसे येतात कुठून, हे थोडक्यात बघू. तपशील पुढच्या प्रकरणांत आहे. इथे फक्त एक गैरसमज दूर करायचा आहे, तो म्हणजे अनुदान मंजूर झालं की पैसे मंडळाच्या खात्यात येतात हा. बहुतेक सरकारी वाटांवर ते येतच नाहीत.

पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक ही पद्धत सुरू केली. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये जो प्रयोग केला त्याच कुळातली ही कल्पना. नागरिकाने आपल्या भागातलं छोटं काम सुचवायचं: पदपथ, दिवे, बाकं, बसथांबा, स्वच्छतागृह. एका कामाला साधारण पाच लाखांची मर्यादा. क्षेत्रीय कार्यालय छाननी करतं आणि निवडलेली कामं पुढच्या अंदाजपत्रकात जातात. यात मंडळाच्या हातात एक रुपयाही पडत नाही, मिळतं ते काम. म्हणून हा अर्ज लिहिण्याची रीतही वेगळी. 'आमच्या भागातील रस्ते सुधारावेत' असं लिहिलेला अर्ज वाचणारा अभियंता पान उलटतो, कारण त्याला त्यातून अंदाजपत्रक काढता येत नाही. 'शाळेच्या मागच्या फाटकापासून बसथांब्यापर्यंत साठ मीटर पदपथ नाही, मुलं रस्त्यावरून चालतात, शेवटचे दोन दिवे बंद आहेत' असं लिहिलं की त्याच्या हाताला काम मिळतं. आणि त्याचा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: जागा कुणाची? जागा महापालिकेची नसेल, वादातली असेल, नाहीतर वरून रस्तारुंदीची रेघ जात असेल, तर बाकी सगळा अर्ज सोन्याच्या अक्षरांत लिहिला तरी तो तिथेच थांबतो. सातबारा किंवा मिळकत पत्रिका आधी काढा आणि अर्जाचा कागद नंतर विकत घ्या, असं मी सांगते ते यासाठी.

आमदार-खासदार निधीचंही तसंच. खासदार स्थानिक विकास योजना १९९३ पासून आहे आणि एका खासदाराच्या वाट्याला वर्षाला ५ कोटी रुपयांची कामं येतात. 'साहेबांनी पैसे दिले' असं आपण म्हणतो, आणि काम झालं की तसा फलकही लागतो. प्रत्यक्षात साहेबांनी दिलेलं असतं ते शिफारशीचं पत्र. पुढे तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश हा प्रवास जिल्हाधिकारी कार्यालय आणि काम करणारी यंत्रणा यांच्यात चालतो. पत्र मिळालं म्हणून पेढे वाटलेली आणि त्यानंतर दोन वर्षं फाइल कुठल्या टेबलावर आहे हे न विचारलेली मंडळं मी पाहिली आहेत. पत्र दिलंत तर पोच घ्या. पोच नसलेलं पत्र सरकारदरबारी जन्मालाच आलेलं नसतं.

मुंबईत घाटकोपरच्या जोशी लेनपासून १९९७ च्या सुमारास परिसर व्यवस्थापनाची जी चळवळ सुरू झाली, जिला सगळे एएलएम म्हणतात, तिच्यात तर पैशाचा प्रश्न मागाहून येतो. रहिवासी एकत्र येतात, ओला-सुका कचरा वेगळा करतात आणि त्या बळावर वॉर्ड ऑफिसशी बोलतात. हातात अनुदान नाही, पण अधिकारी नावाने ओळखतो. ही ओळख रुपयांत मोजता येत नसली तरी पुढच्या प्रत्येक अर्जाला ती उपयोगी पडते. २०२२ पासून कित्येक महापालिका वर्षानुवर्षं प्रशासकांच्या हाती होत्या. नगरसेवक नाही म्हणून अनेक मंडळं हातावर हात ठेवून बसली. ज्यांची वॉर्ड ऑफिसात स्वतःची ओळख होती त्यांची कामं त्या काळातही पुढे सरकली.

थेट संस्थेच्या खात्यात येणाऱ्या पैशात आपल्याकडचा सगळ्यात जुना ओळखीचा मार्ग ग्रंथालयांचा. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. मान्यताप्राप्त वाचनालयाला ग्रंथसंख्या, वाचक, नियतकालिकं, कामाचे तास अशा गोष्टींवरून अ, ब, क, ड यांपैकी वर्ग मिळतो आणि वर्गाप्रमाणे दरसालचं अनुदान ठरतं. गावोगावच्या हजारो वाचनालयांचे दिवे त्यावर लागतात. मिणमिणते लागतात, पण लागतात. माझं हिशोबाचं सगळं शिक्षण या अनुदानाने केलं. दाखल नोंदवहीत पुस्तक चढलं नाही तर ते कपाटात असूनही नसल्यासारखंच, हे मी तिथे शिकले.

मग कंपन्यांचा पैसा. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर, म्हणजे सीएसआरवर, खर्च करावी लागते. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू झालं आणि प्रत्येक मंडळाला वाटू लागलं की आपल्या शेजारच्या कारखान्याच्या दोन टक्क्यांवर आपलं नाव लिहिलेलं आहे. तसं ते नसतं. नोंदणीकृत संस्था हवी, आयकर खात्याच्या ज्या दोन नोंदण्यांना सगळे बारा-ए आणि ऐंशी-जी म्हणतात त्या हव्यात, २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणीही हवी. दहा बाय दहाच्या खोलीत बसणाऱ्या मंडळाने हे सगळं उभं करायचं म्हणजे वर्षाला सनदी लेखापालाची फी आलीच. कंपनीलाही पन्नास हजारांच्या वीस कामांपेक्षा दहा लाखांचं एकच काम देखरेखीला सोपं जातं. त्यामुळे पैसा मोठ्या संस्थांकडे वाहतो. पूर्वी अशा मोठ्या संस्था आपल्याकडे आलेला परदेशी निधी खालच्या छोट्या गटांना वाटून देत असत. विदेशी अंशदानाच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली आणि असा निधी एका संस्थेने दुसरीकडे देणंच बंद झालं. वस्तीतल्या गटांपर्यंत येणारी एक जुनी वाट त्या दिवशी बंद पडली. त्याची फारशी चर्चा झाली नाही, कारण ज्यांची वाट बंद झाली त्यांची नावं कुणाच्या यादीत नव्हतीच.

आता एक अर्ज जवळून बघू. नावं-गावं गाळते. एका वस्तीतल्या बायकांच्या गटाने आमच्या समितीकडे अभ्यासिकेसाठी अर्ज केला होता. समाजमंदिराच्या मागे बारा बाय अठराची खोली पडून होती. अर्जात साडेतीन लाख रुपये मागितले होते आणि उद्देश लिहिला होता 'वस्तीतील विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास'. ही ओळ मी त्या वर्षी तरी चाळीस अर्जांत वाचली असेल. अर्ज कुणीतरी पैसे घेऊन लिहून दिलेला होता हे उघड होतं. नाकारायला तो सोपा होता. पण सोबत एक फाटकं पान जोडलं होतं. त्यावर चोवीस मुलांची नावं, इयत्ता, आणि प्रत्येकासमोर 'घरी किती माणसं' हे पेन्सिलीने लिहिलं होतं. सात, नऊ, सहा, अकरा. ते पान त्या लिहून देणाऱ्याचं नव्हतं. मी भेटायला गेले.

खोली बघून झाल्यावर मी विचारलं, "मावशी, कुलूप कोण उघडणार?"

"किल्ली माझ्याकडे राहील की," गटातल्या सगळ्यात थोरल्या बाई म्हणाल्या. "पण मी कामं आटपून यायला आठ होतात."

"आणि मुलं?"

"मुलं सहाला शाळेतून येतात."

"मग सहा ते आठ?"

सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. साडेतीन लाखांच्या अर्जात त्या दोन तासांची सोय नव्हती. छापील नमुन्यात 'निधी संपल्यानंतर प्रकल्प कसा चालू राहील' असा एक रकाना होता. त्यापुढे लिहिलं होतं, 'अन्य देणगीदार मिळवू.' त्या रकान्याचा मराठीतला अर्थ इतकाच आहे: किल्ली कुणाकडे आणि दुसऱ्या वर्षीचं वीजबिल कोण भरणार?

त्या दुपारी आम्ही जमिनीवर बसून अर्ज पुन्हा मांडला. चार लांब टेबलं, २२,००० रुपये. चोवीस खुर्च्या, १५,६००. दोन पंखे, ४,४००. सहा ट्यूब, २,१००. वायरिंगचं सामान, ७,५००. मजुरी नाही, कारण एकीचे सासरे इलेक्ट्रिशियन होते. पुस्तकांचं कपाट, ९,०००. सहा ते नऊ खोली उघडी ठेवून मुलांकडे बघणाऱ्या ताईचं मानधन महिना २,५०० प्रमाणे वर्षाचे ३०,०००. ताई वस्तीतलीच, बारावी झालेली. वीजबिल महिना सुमारे ९००, आणि ते मुलांच्या घरांनी दरमहा चाळीस रुपये काढून भरायचं. चोवीस घरांचे ९६०. उरलेले साठ झाडू-फिनाइलला. म्हणजे वर्षाचे ११,५२० वस्तीचे आणि ९०,६०० देणगीदाराचे. साडेतीन लाखांवरून मागणी एक लाखाच्या आत आली, आणि उद्देशाच्या जागी मावशींनी सांगितलं तसंच लिहिलं: 'घरात जागा नाही म्हणून मुलांना बसायला जागा हवी.'

अर्ज मंजूर झाला, पण पूर्ण नाही. ६०,६०० मिळाले. ताईच्या मानधनाचे ३०,००० गाळले गेले, कारण 'पगार व मानधन' या सदराखाली खर्च करायचा नाही असा आमच्याच संस्थेचा नियम होता. मी समितीत भांडले आणि हरले. म्हणजे आम्ही खुर्च्या दिल्या आणि त्या खुर्च्यांची खोली उघडणारं माणूस नाकारलं. तिथे वस्ती कामाला आली. नवरात्र मंडळाने त्या वर्षी देखाव्याचा खर्च कापला आणि ताईचं मानधन दिलं. ज्या पावती पुस्तकाची मी वर एवढी आरती ओवाळली, त्यातूनच ते पैसे आले.

देणाऱ्यांना माझे दोन शब्द इथेच सांगते, कारण हे पुस्तक तेही वाचतील अशी आशा आहे. वस्तू द्यायच्या आणि माणसाला द्यायचं नाही हा हट्ट सोडा. बालवाडी भिंतींनी चालत नाही, बाईंनी चालते. हप्ता वेळेवर द्या. जूनमध्ये मंजूर केलेले पैसे फेब्रुवारीत सोडून मार्चअखेर विनियोग प्रमाणपत्र मागितलं की प्रामाणिक माणूसही खोटं बिल आणायला शिकतो. पन्नास हजारांच्या कामाला पाच लाखांच्या कामाएवढेच कागद मागू नका. आणि भेटायला जा. कागद ही डोळ्यांची बदली आहे असं मी वर म्हटलं. पण जिथे डोळे नेता येतात तिथे ते न्यावेत.

मंडळांच्या चुका मला जास्त ठाऊक आहेत, कारण त्या मी स्वतः केल्या आहेत. आमच्या वाचनालयाने एकदा इमारत दुरुस्तीसाठी अर्ज केला. कागद चोख होते, दरपत्रकं तीन होती, फोटो होते. अर्ज परत आला. अर्जावर तारीख होती ११, आणि अर्ज करण्याचा अधिकार देणाऱ्या कार्यकारिणीच्या ठरावावर १४. आम्ही आधी अर्ज टाकला होता आणि मग, सवयीप्रमाणे, बैठकीचं इतिवृत्त घरी बसून लिहिलं होतं. लिहिणारी मीच. कार्यालयातल्या कारकुनाचा मला तेव्हा भयंकर राग आला होता. आज वाटतं, त्याने एवढंच ओळखलं होतं की ती बैठक झालेलीच नव्हती.

नोंदणीचंही असंच. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात माणसं मिळून संस्था नोंदवता येते आणि महाराष्ट्रात ती १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडेही नोंदली जाते. सात सह्या मिळवणं सोपं. त्यानंतर अध्यक्ष गाव सोडून जातात, सचिवांचं निधन होतं, नवी कार्यकारिणी निवडून येते, आणि चेंज रिपोर्ट दाखल करायचा राहून जातो. दहा वर्षांनी मोठं अनुदान दारात येतं तेव्हा दफ्तरी नोंद असलेल्या सातांपैकी तीन हयात नसतात आणि बँकेत सही जुळत नाही. पुस्तकातलं दुसरं प्रकरण यावर आहे. ते रटाळ आहे. तरीही ते दोनदा वाचा.

शेवटी, काही कामांना अनुदान घेऊच नये. पारावर बाक बसवायचा असेल, शाळेच्या भिंतीला रंग द्यायचा असेल, वाचनालयाच्या तीन खुर्च्या विणून घ्यायच्या असतील, तर वीस घरं फिरा. अर्ज, पाठपुरावा आणि अहवाल यांत जाणारे दिवस धरले तर दहा हजारांचं अनुदान दहा हजारांहून महाग पडतं. ज्या कामाला वीस घरं पुरत नाहीत, ते काम घेऊन बाहेर जा. आणि जाताना त्या वीस घरांची पावती पुस्तकं बरोबर न्या. अर्जाला जोडायला त्याहून चांगला कागद मला अजून भेटलेला नाही.

म्हणून वाचकाला विनंती अशी की पुढचं पान उलटण्याआधी एक साधी दोनशे पानी वही आणा. पाच-सात शेजारी एकत्र बसा, खरोखर बसा. पहिल्या पानावर आजची तारीख, हजर असलेल्यांची नावं आणि सह्या, काय काम करायचं ते एका वाक्यात, आणि किल्ली कुणाकडे राहील ते लिहा. दुसऱ्या पानावर जमा झालेली वर्गणी मांडा, दहा रुपये असली तरी. वही तिसऱ्या पानावर जाईपर्यंत हे पुस्तक मिटून ठेवलंत तरी चालेल.